हयातीचा दाखला



बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला बोलवायचं आणि त्याला विषय द्यायचा खुनाचा, हे आपल्या संयोजकांचं धाडसच म्हटलं पाहिजे. मी त्यांना सांगितलं होतं, अहो, एखादा वकील बोलवा. ते म्हणाले, वकील आला की तासभर कलमं ऐकवतो. तर कलमं मीही सांगणार आहे, तीन-चारच. पण काउंटरच्या आतल्या बाजूला पस्तीस वर्षं बसलेल्या माणसाला ती जशी दिसतात, तशी.

ज्यांच्या नावानं ही व्याख्यानं होतात ते आपले ग्रंथपाल बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचे भक्त होते. नवं पुस्तक न्यायला गेलं की म्हणायचे, "ते राहू द्या, आधी हा झुंजार वाचा." त्यांच्या स्मरणार्थ बोलायचं तर रहस्यकथेवरच बोलावं असं मनात आलं. पण मग वाटलं, अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, तरी आपल्या गावात, इथून रिक्षानं फार लांब नसलेल्या एका बंगल्यात जे घडलं, तसं काही त्यांनी लिहिलं असतं तर वाचकानं म्हटलं असतं, काहीतरीच! म्हणून आज ८१, रिचमंड रोड.

पुढच्या रांगेत माना हलल्या. म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ही हकिगत माहीत आहे. १९९४ साली जे बेंगळुरूत होते त्यांनी ती वर्तमानपत्रांत वाचली, आणि ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता त्यांनी २०२३ मध्ये मोबाइलवर तिची मालिका पाहिली. तेव्हा रहस्य उलगडण्याचा आव मी आणत नाही. मला एकच गोष्ट विचारायची आहे. एवढ्या मोठ्या घरातलं, एवढ्या मोठ्या घराण्यातलं एक माणूस नाहीसं होतं, आणि जवळजवळ तीन वर्षं ते त्याच घराच्या अंगणात जमिनीखाली असतं. मातीनं प्रेत एवढा काळ झाकून राहतं का? की झाकणारं दुसरंच काही असतं?

आधी घराबद्दल बोलू. हे गाव एकेकाळी शहाजीराजांच्या जहागिरीचं, ते आपण दर शिवजयंतीला ऐकतो. पण रिचमंड रोड त्या पेठेतला नाही. तो दंडूतला, म्हणजे इंग्रजांनी १८०९ पासून वसवलेल्या लष्करी छावणीतला. पेठेत भिंतीला भिंत. शेजारी फोडणीला काय पडलं ते या घरात कळणार. छावणीत उलट. आधी फाटक, मग झाडं, मग मोटारीचा रस्ता, मग पोर्च, मग कुठं घर. मागं नोकरांच्या खोल्या. शेजाऱ्याला दिसतं ते फक्त कौलांचं टोक. पुण्याहून बदली होऊन मी इथं आलो तेव्हा या बंगल्यांचं फार कौतुक वाटायचं. त्या भिंतींच्या आत काय चाललंय ते कुणालाच कळत नसणार, हे तेव्हा सुचलंही नाही.

या बंगल्यात राहायच्या शाकेरे खलीली. माहेरच्या नमाझी. सर मिर्झा इस्माईल यांची नात. हे नाव इथं बसलेल्यांना सांगायला नको, पण पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो. मिर्झासाहेब १९२६ ते १९४१ म्हैसूर संस्थानचे दिवाण होते. पाहुणे आले की आपण ज्या वृंदावन बागेत नेतो ती त्यांच्या कारकिर्दीतली. पुढं ते जयपूरला दिवाण झाले, तिथला एम. आय. रोड म्हणजे मिर्झा इस्माईल रोड. त्यांचे आजोबा अली अस्कर शिराझहून घोडे विकायला इथं आले आणि इथलेच झाले. अली अस्कर रोड आजही आहे. म्हणजे पहा, ज्या कुटुंबाच्या नावानं रस्ते ओळखले जातात, त्या कुटुंबातली बाई नाहीशी झाली आणि रस्त्यावर कुणाला पत्ता नाही.

शाकेरेंचे पहिले पती परराष्ट्र सेवेत. चार मुली. १९८३ च्या सुमारास दिल्लीत, रामपूरच्या नवाब घराण्याकडं, त्यांची गाठ मुरली मनोहर मिश्रा या माणसाशी पडली. स्वतःला स्वामी श्रद्धानंद म्हणवायचा. रामपूरकरांच्या मिळकतींचं बघायचा. नागरी जमीन कमाल मर्यादेच्या कायद्यानं तेव्हा भल्याभल्या जमीनदारांची झोप उडवली होती. अशा वेळी कागदपत्रांतलं कळणारा, नम्र, हाताशी असणारा माणूस किती मोलाचा वाटतो, ते मी सांगायला नको. १९८५ मध्ये शाकेरेंचा घटस्फोट झाला, एप्रिल १९८६ मध्ये त्यांनी या माणसाशी लग्न केलं. घराण्यात नाराजी होती. ती का होती, धर्माची किती आणि हैसियतीची किती, यावर या गावात पुष्कळ बोलून झालंय. मी नाही बोलणार. वयानं प्रौढ बाईनं स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं, एवढं मला पुरे आहे.

पण त्या नाराजीचा परिणाम लक्षात घ्या. नातलगांचं येणं-जाणं कमी झालं. एरवी न विचारता माजघरापर्यंत येणारी आत्या, मामी, चुलतभाऊ आता फाटकाशीच थबकू लागले. इंग्रजी कादंबरीतल्या हवेलीत निदान आठवड्याच्या सुट्टीला पाहुण्यांचा घोळका तरी असतो! इथं उरले नवरा-बायको आणि नोकर-चाकर.

१९९१ च्या उन्हाळ्यानंतर शाकेरे कुणाला दिसल्या नाहीत.

आता दुसऱ्या मुद्द्याकडं येतो, आणि इथं बँकवाला बोलणार आहे. लग्नानंतर शाकेरेंनी नवऱ्याच्या नावानं कुलमुखत्यारपत्र करून दिलं होतं. मृत्युपत्रही केलं होतं. बँकेत दोघांची संयुक्त खाती, लॉकर. आता दोन कागद शेजारी शेजारी ठेवून पहा. मृत्युपत्र कधी चालतं? देणारा मेल्यावर. कुलमुखत्यारपत्र कधीपर्यंत चालतं? देणारा जिवंत असेपर्यंत. आपला करार कायदा १८७२ चा, त्याचं २०१ वं कलम सांगतं की मालक वारला की मुखत्याराचा अधिकार संपला. म्हणजे एका कागदाला त्या बाईचं मरण हवं होतं आणि दुसऱ्याला तिचं जगणं. मृत्युपत्र चालवायचं तर मरण दाखवावं लागतं, दाखला आणावा लागतो, डॉक्टर येतो, नातेवाईक जमतात, चार मुली जमतात, आई येते. कुलमुखत्यारपत्राला यातलं काही लागत नाही. त्याला एवढंच लागतं की कुणी विचारू नये.

खुनी प्रेत लपवतो ते फासाच्या भीतीनं, असं आपण धरून चालतो. ते खरंच आहे. पण इथं प्रेत लपवण्यात आणखी एक सोय होती. बाई जमिनीखाली, आणि कागदावर हयात. तिच्या मिळकतीचे व्यवहार पुढं चालू राहिले ते याच हयातीच्या जोरावर.

माझीच गोष्ट सांगतो. शाखेत एकदा एक गृहस्थ मावशीचं कुलमुखत्यारपत्र घेऊन आले. मी मुद्रांक पाहिला. नोंदणीचा शिक्का पाहिला. फोटो, सही, साक्षीदार, सगळं बोटानं तपासलं. नोंद केली, पैसे दिले. चार महिन्यांनी त्या मावशींचे दुसरे भाचे मृत्यूचा दाखला घेऊन उभे! मावशी केव्हाच गेल्या होत्या, मी पैसे दिले त्याच्या आधी. रक्कम लहान होती, भांडण घरातलं घरात मिटलं. पण मला अजून लाज वाटते ती याची, की कागदावरची एकूण एक गोष्ट मी विचारली आणि "मावशी कशा आहेत?" हे विचारलं नाही.

इथं बसलेले बहुतेक जण पेन्शनर आहात. दर नोव्हेंबरात काय करता? बँकेत जाऊन हयातीचा दाखला देता. अंगठा लावता, नाहीतर यंत्रापुढं डोळा उघडता. स्वतः समोर उभं राहून सांगावं लागतं की मी आहे. एक वर्ष चुकलं तर पेन्शन थांबते. म्हाताऱ्या शिपायाला सरकार दरवर्षी विचारतं, बाबा रे, जिवंत आहेस का? आणि रिचमंड रोडवरच्या मिळकतीच्या मालकिणीला तीन वर्षांत एकाही कचेरीनं हा प्रश्न विचारला नाही.

विचारला कुणी? मुलीनं. तिचं नाव मी घेत नाही. तिनं पुष्कळ सोसलंय. ती तेव्हा मुंबईत होती. आईचा फोन नाही, पत्र नाही. सावत्र बापाला विचारावं तर दर वेळी नवं गाव. आई हैदराबादला गेलीय. आई कच्छला एका लग्नाला गेलीय. मग, आई गरोदर आहे आणि न्यूयॉर्कच्या एका इस्पितळात आहे. तिनं काय केलं असेल? त्या इस्पितळात चौकशी केली. या नावाचं कुणी दाखलच नव्हतं. पुढं मुंबईतल्या एका हॉटेलात, याच माणसाच्या खोलीत, तिच्या नजरेला आईचा पासपोर्ट पडला.

इथं क्षणभर थांबा. परदेशात असलेल्या बाईचा पासपोर्ट मुंबईतल्या खोलीत. एवढीशी वही. तोपर्यंत कागदांनी आईला जिवंत ठेवलं होतं, आणि एका कागदानंच पहिल्यांदा सांगितलं की ती कुठंही गेलेली नाही.

जून १९९२ मध्ये मुलीनं अशोकनगर पोलीस ठाण्यात तक्रार दिली. त्यानंतरही जवळजवळ दोन वर्षं गेली. तेवढ्या काळात तो माणूस त्याच घरात राहत होता, त्याच अंगणात माणसं बोलावत होता. मुलगी मात्र पाठपुरावा सोडत नव्हती. शेवटी तपास केंद्रीय गुन्हे शाखेकडं गेला. बेंगळुरूत सांगतात की साध्या वेषातल्या एका पोलीस शिपायानं बंगल्यातल्या नोकराला दारूच्या गुत्त्यावर बोलतं केलं आणि तिथं पहिला धागा मिळाला. तसंच झालं असेल तर त्यात मला तरी नवल वाटत नाही. पेटी कुणी करवून घेतली, खड्डा कशासाठी म्हणून खणवला, हे नोकरांना आणि मजुरांना ठाऊक होतंच. माणूस मावेल एवढी लाकडी पेटी. अंगणात खड्डा. वर पुन्हा फरशी. खड्डा खणणाऱ्यानं खणला, पेटी उचलणाऱ्यानं उचलली, मजुरी घेतली आणि घरी गेला. मोठ्या घरात मालकाला "कशाला?" म्हणून विचारायची पद्धत नसते. आपल्या वाड्यांतून तरी कुठं होती?

मार्च १९९४ च्या अखेरीस त्याला अटक झाली. त्यानं सांगितलेल्या जागी, पंचांसमक्ष, अंगण खणलं गेलं. पेटी निघाली. पेटीत गादी आणि सांगाडा. हे सगळं खोदकाम व्हिडिओवर टिपलं गेलं. त्या काळात आपल्या न्यायालयांना ही गोष्ट अगदी नवी होती. सांगाडा कुणाचा? कवटी आणि छायाचित्र जुळवून पाहिलं, डीएनए चाचणी केली. आणि आईला बोलावलं. शाकेरेंच्या आई तेव्हा हयात होत्या. त्यांनी लेकीच्या बांगड्या आणि अंगठ्या ओळखल्या. प्रयोगशाळेचं शास्त्र त्यानंतर फार पुढं गेलं म्हणतात. असेल. पण मातीतून निघालेली बांगडी हातात घेऊन "ही तिचीच" म्हणणाऱ्या म्हाताऱ्या आईपाशी मी दर वेळी अडखळतो.

गुंगीचं औषध देऊन, पेटीत घालून त्यांना पुरलं, असा सरकार पक्षाचा आरोप होता, आणि गुन्हा शाबित झाला. पेटीत घातल्या तेव्हा त्या जिवंत होत्या का, शुद्ध आली असेल का, यावर या गावात आजही चवीनं बोलतात. मालिकेतही ते आलं. त्या वाटेनं मी जाणार नाही.

कायद्याच्या दोन गोष्टी मात्र सांगतो. पोलिसांपुढं दिलेला कबुलीजबाब आपल्याकडं पुरावा धरत नाहीत, आणि तेच बरोबर आहे. पण २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्यातलं २७ वं कलम म्हणायचं की आरोपीनं सांगितल्यामुळं एखादी वस्तू सापडली, तर त्या सापडण्यापुरतं त्याचं सांगणं ग्राह्य. "मी मारलं" हे चालत नाही. "इथं आहे" हे चालतं. अंगणातली जागा दाखवणं पुढं फार महत्त्वाचं ठरलं ते यामुळं. कारण प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नव्हता, सगळा खटला परिस्थितीजन्य पुराव्यावर. अशा पुराव्याची साखळी कशी हवी, याचे पाच निकष सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये घालून दिले. त्यांना पंचशील म्हणतात, आणि तो खटला आपल्या पुण्यातला होता.

दुसरं, त्याच कायद्यातलं तेव्हाचं १०८ वं कलम. सात वर्षं ज्याची खबर नाही, तो मेला असं धरता येतं. आता बोटं मोजा. १९९१ आणि सात, १९९८. मुलगी गप्प बसली असती, चार वर्षं आणखी कळ काढली असती, तर काय झालं असतं? बाई बेपत्ता म्हणून मेलेली ठरू शकली असती, आणि मग तो दुसरा कागद, मृत्युपत्र, पेटीतून बाहेर काढता आला असता. त्याच्या मनात हे होतं का, ते मला कळायला मार्ग नाही. पण वाट मोकळी होती. आधी कुलमुखत्यारपत्र, मग सात वर्षांची धूळ, मग मृत्युपत्र. कायदा धाब्यावर न बसवताही, त्याच्याच फटीतून, माणूस किती पुढं जाऊ शकतो पहा!

आपल्याकडं वाड्यातला खून म्हटलं की शनिवारवाडा. ३० ऑगस्ट १७७३, नारायणराव पेशवे. तिथंही कागदाचीच गोष्ट आहे. "ध"चा "मा" झाला ही दंतकथा असेल, पण मराठी माणसाला ती पटली, कारण कागदावरचं एक अक्षर माणूस मारू शकतं हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं. फरक असा की शनिवारवाड्यातला खून दिवसाढवळ्या झाला, ओरडा सगळ्यांनी ऐकला, कुणी केला हेही गावाला माहीत. तिथं अडचण शोधाची नव्हतीच. खुन्याला तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारा रामशास्त्री हवा होता, आणि तो मिळाला. रिचमंड रोडला न्यायाधीश तयार होते. त्यांच्यापर्यंत प्रश्न पोचवणारं कुणी हवं होतं. अगाथा ख्रिस्तीच्या पुस्तकांत प्रेत सुरुवातीलाच मिळतं, मग सगळ्यांना प्रश्न विचारतात. खऱ्या आयुष्यात उलटं झालं. दोन-तीन वर्षं एकटीनं प्रश्न विचारले तेव्हा कुठं प्रेत मिळालं.

आता शिक्षेबद्दल, थोडक्यात. सत्र न्यायालयाचा निकाल मे २००३ मध्ये लागला, फाशी. २००५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ती कायम केली. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. एकानं जन्मठेप म्हटलं, एकानं फाशी. प्रकरण तिघांपुढं गेलं आणि २२ जुलै २००८ ला निकाल आला. त्या निकालानं एक तिसरी वाट काढली. "जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं" असं आपण पारावर बसून बिनदिक्कत सांगतो. ते खरं नाही. जन्मठेप म्हणजे जन्मभर, पण सरकार सूट देऊ शकतं आणि गंभीर गुन्ह्यात ती सूट चौदा वर्षांच्या आधी देता येत नाही, एवढंच. न्यायालयासमोर पेच असा होता की फाशी द्यावी तर हात कचरतो, आणि साधी जन्मठेप दिली तर हा माणूस चौदा-पंधरा वर्षांनी बाहेर. म्हणून त्यांनी सांगितलं, मरेपर्यंत कैद आणि सूट नाही. सात वर्षांनी, डिसेंबर २०१५ मध्ये, घटनापीठानं हा अधिकार तीन विरुद्ध दोन मतांनी उचलून धरला. आज देशभर न्यायालयं फाशीऐवजी "सूट न देता इतकी वर्षं" अशी शिक्षा देतात, त्याची पायवाट या अंगणातून गेली आहे.

ही शिक्षा बरी की वाईट? दोन बाजूंचे लोक माझ्या घरातच आहेत. बायको म्हणते, दार कायमचं बंद करणं म्हणजे माणसाला जिवंत पुरणंच. मुलगा म्हणतो, मग? माझं मत विचाराल तर न्यायालयानं फाशी टाळली ते योग्य केलं. बाकी मी बायकोशी वाद घालत नाही.

तो माणूस पुढं मध्य प्रदेशात सागरच्या तुरुंगात गेला. त्यानं सुटकेसाठी पुन्हा अर्ज केला होता. तोवर वय ऐंशीच्या पुढं गेलेलं, तुरुंगात तीस वर्षं झालेली. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला.

मित्रहो, जेवणाची वेळ झाली हे मला मागच्या रांगेवरून दिसतंय. एक विनंती करतो आणि संपवतो. आपल्यापैकी अनेकांनी गावाकडच्या जमिनीसाठी, मुलं परदेशात म्हणून, गुडघे दुखतात म्हणून, कुणा ना कुणाच्या नावानं कुलमुखत्यारपत्र करून दिलेलं असेल. कपाटात असेल. उद्या सकाळी ते काढा आणि चष्मा लावून पूर्ण वाचा. कशाकशाचा अधिकार दिलाय ते पहा. मुदत घातलीय का पहा. नको वाटलं तर सहसा नोटीस देऊन, नोंदणी कार्यालयात जाऊन ते रद्द करता येतं. त्यासाठी देणारा जिवंत असावा लागतो आणि आज आपण सगळे इथं आहोत.